पश्चिमेकडचा जादा दिवा

दिवाबत्ती खात्यात वायरमनला बावीस वर्षं झाली होती. दिवा लागत नाही, दिवा फडफडतो, दिवा भर दुपारी चालू असतो, या सगळ्या तक्रारी त्याला पाठ होत्या. पण रस्त्यावर एक दिवा जास्त झालाय, अशी तक्रार त्याच्या हातात पहिल्यांदाच पडली.

कागदावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पश्चिमेला महिनाभरापासून एक जादा दिवा लावण्यात आला आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास पेटतो, साडेआठला विझतो. उजेड नको इतका प्रखर आहे. दिवा काढून न्यावा, नाहीतर झाकण बसवावं." खाली एका बाईंची सही, इमारतीचा नंबर आणि 'तिसरा मजला'.

वायरमन दुसऱ्याच दिवशी जाऊन आला. इमारतीमागच्या गल्लीत अकरा खांब होते. प्रत्येकावर त्याच्याच हाताने रंगवलेला आकडा. अकराचे अकरा जागेवर, बारावा कुठे नाही. त्याने कागदावर 'जादा दिवा आढळला नाही' असा शेरा मारला आणि विषय संपवला.

चार दिवसांनी तोच कागद परत आला. खाली नवी ओळ होती: "आढळला नाही म्हणजे काय? शोधला का?"

वायरमन पुन्हा गेला, पुन्हा खांब मोजले, पुन्हा तोच शेरा. तिसऱ्या वेळी बाईंनी कागद थेट साहेबांच्या टेबलावर पाठवला.

साहेब थंडीच्या दिवसांत ऑफिसातही मफलर सोडत नसत. त्यांनी मफलरमधून मान बाहेर काढून विचारलं, "दिवा किती वाजता लागतो म्हणतायत बाई?"

"सहाला."

"आणि तू किती वाजता जाऊन बघितलंस?"

"बाराला," वायरमन म्हणाला. "दुपारी."

"दोन्ही वेळा?"

साहेबांनी मान परत मफलरमध्ये घातली.

त्या संध्याकाळी तो पावणेसहाला तिथे पोचला. सोबत खात्याची गाडी होती, लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला टोपली असलेली. त्या टोपलीत उभं राहून खांबाच्या डोक्यापर्यंत जाता येतं. गाडी चालवणारा ड्रायव्हर बुटका आणि बोलका, वायरमन उंच आणि मितभाषी. खात्यात त्याला सगळे लंबू म्हणत, आणि दोघं शेजारी उभे राहिले की कुणीतरी हसायचंच.

"झाकण आणलंस का?" ड्रायव्हरने विचारलं.

"कशावर बसवायचंय ते तरी कळू दे."

ड्रायव्हर खाली थांबला. वायरमन तिसऱ्या मजल्यावर गेला. दार उघडलं ते सत्तरीच्या एका ठेंगण्या बाईंनी. गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या. बाई पडदे शिवायच्या. बाहेरच्या खोलीत कापडाचे ढीग होते. शिलाई मशीन मात्र स्वयंपाकघरात खिडकीशी मांडलेलं होतं, कारण दिवसाचा उजेड तिथे जास्त वेळ टिकायचा. बिस्किटांच्या डब्यात बॉबिनी, कपात खडू, गॅसशेजारी कात्री.

टाचण्या काढून बाई म्हणाल्या, "आलात? मला वाटलं आता उन्हाळ्यातच याल. इकडे या. माझ्या खांद्यामागे उभे राहा. तो बघा."

समोरच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या होत्या. त्यांच्या बरोबर मधोमध, ओसरत चाललेल्या संधिप्रकाशात, एक दिवा होता. पांढराशुभ्र. फडफड नाही, थरथर नाही.

वायरमनची हयात दिवे ओळखण्यात गेली होती. सोडियमचा पिवळा, पाऱ्याच्या वाफेचा हिरवट, एलईडीचा थंड पांढरा. दुरून नुसत्या रंगावरून तो दिवा किती जुना आहे ते सांगायचा. हा मात्र कुठल्याच जातीत बसेना. तारा असेल, असं मनात येऊन गेलं, पण तारे त्याने पाहिले होते. ते एवढे मोठे नसतात.

"टॉवरवरचा असेल," तो म्हणाला.

"टॉवर कुठाय?"

टॉवर नव्हता.

"मग बांधकामाच्या क्रेनवरचा."

"बांधकाम कुठाय?" बाईंनी कमरेवर हात ठेवले. "मी इथे एकतीस वर्षं राहते. समोर काय आहे नि काय नाही ते मला विचारा. गेल्या महिन्यापर्यंत तिथे काही नव्हतं. आता मशीनवर बसलं की हा डोळ्यात. बरं, एका जागी गप उभा तरी राहील? बघा, चालला."

खरंच, बोलता बोलता दिवा उजवीकडच्या टाकीच्या कडेला येऊन टेकला होता. आणखी पाच मिनिटांनी तो टाकीमागे गेला.

"आता थोड्या वेळाने पलीकडून बाहेर येईल आणि साडेआठला विझेल. कुणीतरी मुद्दाम करतंय, दुसरं काय."

वायरमन धडधडत खाली उतरला. ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच निकाल दिला: "ड्रोन. चल, पकडू."

आणि दोघं खात्याच्या गाडीतून त्या दिव्याच्या मागे निघाले. बाजारपेठ संपली, लाकडाची वखार मागे पडली, शीतगृहाच्या लांबलचक भिंतीला वळसा झाला. दिवा समोरच्या काचेत होता तसाच. जेवढे ते पुढे जात तेवढाच तो लांब.

"पळतोय रे हा," ड्रायव्हर म्हणाला. त्याने गिअर बदलला.

रेल्वे यार्डाच्या पलीकडे मोकळं मैदान होतं. तिथे पोचेपर्यंत आठ वाजून गेले. पुढे रस्ताच नव्हता म्हणून गाडी थांबली. दिवाही थांबला. वायरमन पट्टा बांधून टोपलीत चढला, ड्रायव्हरने खटका ओढला आणि टोपली कुरकुरत वर गेली. नऊ मीटरवर ती थांबते. वर वारं बोचरं होतं. वायरमनने कानटोपी खाली ओढली आणि बघितलं.

खाली यार्डातले रूळ, पलीकडे काळी टेकडी, टेकडीवर तो दिवा. मधे काही नव्हतं. तार नाही, खांब नाही, दोरी नाही, आवाज नाही. तो पांढऱ्याचा पिवळसर होत गेला, मग तांबूस. टेकडीच्या कडेला टेकला, क्षणभर तिथे बसल्यासारखा दिसला आणि गेला.

"विझवला!" ड्रायव्हर खालून ओरडला. "लंबू, बघितलंस? कुणीतरी विझवला!"

"विझवला नाही," वायरमन वरून म्हणाला, तेही इतक्या हळू की ड्रायव्हरला ऐकू गेलं नसावं. "मावळला."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती बेकरीत पहाटेच्या पाळीला होती. त्यामुळे नवरा संध्याकाळी जे काही सांगे ते ती अर्धवट झोपेत ऐकायची. पण गाडी घेऊन दिव्याच्या मागे धावले, हे ऐकल्यावर तिची झोप उडाली. तिने लगोलग धाकट्या बहिणीला फोन लावला. बहीण शाळेत भूगोल शिकवायची.

"हिला सांगा," बायको म्हणाली आणि फोन त्याच्या हातात देऊन उशीत तोंड खुपसून हसायला लागली.

वायरमनने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "तुम्ही टोपलीची गाडी घेऊन शुक्राच्या मागे गेला होतात?"

"शुक्र?"

"ग्रह. शुक्र. सूर्यापासून दुसरा. कितव्या गिअरमध्ये होतात?"

"ड्रायव्हरला विचारतो," वायरमन म्हणाला. तोही हसला, पण कान गरम झाले होते. मग त्याने विचारलं, "तुम्ही बघितलाय ना तो?"

मेहुणीचं हसणं थांबलं. "मी?" ती म्हणाली. "खरं सांगू का भावोजी, मी एकोणीस वर्षं भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून ग्रह शिकवतेय. मुलांकडून क्रम तोंडपाठ करून घेतला, किती चंद्र, किती दिवसांचं वर्ष. पण मान वर करून हा बघा शुक्र, असं मला कुणी दाखवलं नाही आणि मीही कधी शोधला नाही. उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरमन पडदेवाल्या बाईंकडे निघाला. तक्रार खोटी नव्हती, बाई खोट्या नव्हत्या. पण हे सांगायचं कसं? जिना चढताना त्याने चार वाक्यं जुळवली आणि दारात आल्यावर चारही विसरला.

"मावशी," तो म्हणाला, "तो दिवा आपल्या खात्याचा नाही. तो शुक्र आहे. आकाशातला."

मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं मापात चार बोटं कमी पडलेल्या कापडाकडे बघावं.

"मला शुक्र माहीत नाही होय? लहानपणी आजी दाखवायची. मला वेड्यात काढू नकोस. महिन्यापूर्वी तो तिथे नव्हता. शुक्र काय नवीन बसवला का कुणी?"

वायरमन खिडकीशी जाऊन उभा राहिला. दिवा टाक्यांच्या मधे होता. मशीनशेजारी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती, जवळ कापसाचा गुंडाळा.

"मावशी, हे काय?"

"डोळ्याचं. मोतीबिंदू काढला ना उजव्या डोळ्याचा. डाव्याचा उन्हाळ्यात काढणार."

"कधी काढला?"

"झाला की आता महिना..." मावशी म्हणाल्या आणि थांबल्या.

त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि खिडकीतून बघितलं. मग डावा झाकला. पुन्हा उजवा. असं चार-पाच वेळा केलं.

"याने नुसता चहाचा डाग दिसतो," डाव्या डोळ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "तोही आहे म्हणून सांगितलं तर. आणि याने..." त्या मशीनपुढच्या खुर्चीवर बसल्या. "परवाच एका गिऱ्हाइकाचं कापड उलगडलं. मी त्याला दोन वर्षं बदामी बदामी म्हणत होते. पांढरं निघालं. एकही जण बोलला नाही मला. आणि आता हे. म्हणजे तो रोज येत होता?"

"रोज नाही मावशी. मेहुणी म्हणते काही महिने संध्याकाळी दिसतो, काही महिने पहाटे. पण येत होता."

"आणि मी त्याच्यावर अर्ज केला," मावशी म्हणाल्या. "तीन वेळा. झाकण बसवा म्हणून." आणि त्या जे हसायला सुटल्या, ते मोजपट्टीच्या टोकाने डोळे पुसायची वेळ आली. मग वायरमननेच आठवण करून दिली की त्या डोळ्याला हात लावायचा नसतो.

साहेबांपुढे कागद गेला तेव्हा त्यावर शेरा होता: 'सदर दिवा हा शुक्र ग्रह असून तो खात्याच्या अखत्यारीत येत नाही. तक्रारदाराचं समाधान झालं आहे.' साहेबांनी तो दोनदा वाचला. सही केली. मग आवाज खाली आणून विचारलं, "कुठून दिसतो रे?"

प्रकरण खरं तर इथे मिटायचं. पण तो निघताना मावशींनी विचारलं होतं, "आणखी काय काय आहे वर, जे मी बघितलेलं नाही?" आणि वायरमनच्या डोक्यात ते बसलं. त्याचं सगळं काम मान वर करून करायचं. तरी त्याची नजर बावीस वर्षं नऊ मीटरवर थांबत आली होती.

मेहुणीने दोन दिवसांत माहिती काढली. या हिवाळ्यात संध्याकाळी एकाच वेळी चार ग्रह दिसत होते. पश्चिमेला शुक्र, त्याच्या जवळच शनी, माथ्याच्या बाजूला गुरू आणि पूर्वेला नुकताच वर आलेला मंगळ. "पण शहरात दिव्यांचा उजेड फार असतो म्हणतात," ती फोनवर म्हणाली. "अंधार पाहिजे."

अंधार पाहिजे. वायरमन रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाला. आपल्या भागातली एक गल्लीही अंधारात राहू नये म्हणून तो तापातसुद्धा खांबावर चढला होता. आणि आता तोच साहेबांपुढे उभा राहून गल्ली अंधारात ठेवायची परवानगी मागत होता.

"कारण काय लिहू?" साहेबांनी विचारलं. "देखभाल?"

"खरं ते लिहा साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, उचललं. "अर्धा तास. फक्त मागची गल्ली. दोन्ही टोकांना तू आणि ड्रायव्हरने बॅटऱ्या घेऊन उभं राहायचं. लोकांना आधी कळवायचं. आणि कुणाचा पाय मुरगळला तर मी हा कागद बघितलेलाच नाही."

वायरमनने चिठ्ठ्या चिकटवल्या. मावशींनी जिन्यात ज्याला त्याला सांगितलं. ठरलेल्या संध्याकाळी पावणेसातला गल्लीत चाळीसेक माणसं जमली. स्वेटर, शाली, कानटोप्या. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी थर्मास. मेहुणी शाळेतून थेट आली होती आणि तिच्या हातात आकाशाचा कागदी नकाशा होता.

आणि चारपासून जे ढग भरून आले होते ते हलायचं नाव घेत नव्हते.

सातला वायरमनने कोपऱ्यावरची पेटी उघडून खटका पाडला. अकराचे अकरा दिवे गेले. गल्ली काळीकुट्ट झाली. आकाश त्याहून काळं. चाळीस माणसांनी माना वर केल्या. मिनिट गेलं, दोन गेली. पाचव्या मिनिटाला अंधारातून आवाज आला, "वायरमनसाहेब, निदान चंद्र तरी दाखवा!" सगळे हसले. कुणाचा तरी थर्मास लवंडला. मेहुणी बिचारी ढगांखाली शनीची कडी समजावून सांगत होती. सव्वासातला खुर्च्या उचलायचे आवाज यायला लागले. वायरमनने पंधरा मिनिटं आधीच खटका वर केला. दिवे लागले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ," ड्रायव्हर म्हणाला, "आजवर दिवे लावल्याबद्दल तुला टाळ्या मिळाल्या होत्या का?"

वायरमनला हसायला आलं नाही. तो घरी जाऊन न जेवताच झोपला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी काही विचारायच्या आधीच नाही म्हणून सांगितलं. एकदा दिली परवानगी, पुन्हा नाही. वायरमननेही विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ निवळलं. वायरमन बस थांब्याजवळच्या खांबावर काम करत होता तेव्हा फोन वाजला.

"भावोजी, कुठे आहात?" मेहुणीला धाप लागली होती.

"टोपलीत."

"मी शाळेच्या फाटकात उभी आहे. फाटकावर तुमच्याच खात्याचा दिवा आहे, डोक्यावर, ढणढणीत. आणि मला शुक्र दिसतोय. शुक्राच्या खाली शनी दिसतोय. वरती गुरू दिसतोय. हात असा भुवईवर धरला, दिव्याच्या आड, की झालं! अंधार लागतो तो बारक्या ताऱ्यांना. ग्रहांना काही लागत नाही. आपण उगीच दिवे घालवले!"

वायरमनने टोपलीत उभ्या उभ्या डावा हात भुवईवर धरला. त्याच्या हातभर अंतरावर त्यानेच आत्ता लावलेला दिवा जळत होता. हाताच्या पलीकडे, उंच, एक पिवळसर पांढरा ठिपका स्थिर उभा होता. त्याला वाटलं होतं आपल्याला लाज वाटेल. पण छाती एकदम हलकी झाली. दिवे घालवायची गरज नव्हती. त्याचे दिवे कुणाच्या आड येत नव्हते.

"मावशींकडे या," तो म्हणाला. "गच्चीवर. मी अर्ध्या तासात येतो."

गच्चीवर पाच माणसं जमली. मावशी, वायरमन, मेहुणी, ड्रायव्हर आणि वायरमनची बायको. ती म्हणाली होती की तुम्ही सगळे वेडे झालात का ते बघायला येते. ड्रायव्हरने क्रिकेटच्या मैदानावर न्यायची आपली दुर्बीण आणली होती. मावशींनी जुन्या पडद्यांचं जाड कापड खाली अंथरलं आणि दोन तुकडे खांद्यावर घ्यायला दिले. ड्रायव्हरच्या वाट्याला मोठ्या फुलांचा आला.

शुक्र शोधावा लागला नाही. तो समोरच्या टाक्यांच्या वर होता.

"हा आमचा," मावशी म्हणाल्या. "पुढचा दाखवा."

"याच्या खाली, जरा डावीकडे," मेहुणीने हात लांब करून चार बोटं आडवी धरली. "एवढ्या अंतरावर. फिकट आहे. पिवळट. तो शनी." तिने हात खाली घेतला. "एकोणीस वर्षं," ती बहिणीला म्हणाली, "एकोणीस वर्षं मी याची कडी फळ्यावर काढतेय. हा इथे होता."

"कडी कुठायत?" ड्रायव्हरने दुर्बीण लावली. "मला तर नुसता ठिपका दिसतोय."

"याने नाही दिसायची. मोठी दुर्बीण लागते."

"मग शनी आहे कशावरून?"

"लुकलुकत नाही म्हणून. तारे लुकलुकतात, ग्रह स्थिर असतात."

ड्रायव्हरने लगेच हे शस्त्र हातात घेतलं आणि आकाशभर फिरवलं. थोड्याच वेळात तो ओरडला, "मंगळ! सापडला! तांबडा आहे, तो वरती, गुरूच्या शेजारी."

मेहुणीने नकाशा बॅटरीच्या उजेडात धरला. "ती रोहिणी. तारा आहे. बघा नीट, लुकलुकतेय."

ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला. "डोळे मारतेय खरी," त्याने कबूल केलं.

मंगळ सापडला तो वायरमनच्या बायकोला. ती जिन्याच्या कठड्याला टेकून पूर्वेकडे तोंड करून उभी होती, कारण वारं पश्चिमेकडून येत होतं. "तो काय मग?" ती म्हणाली. "भट्टीतल्या निखाऱ्यासारखा."

सगळे वळले. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या जरा वर एक तांबूस ठिपका होता, अजिबात न हलणारा. शेजारी दोन ठळक तारे, पुनर्वसू नक्षत्राचे. मेहुणीने नकाशा बघितला, आकाश बघितलं, पुन्हा नकाशा बघितला.

"ताई," ती म्हणाली, "तोच आहे."

"तुम्ही सगळे पश्चिमेकडे बघत होतात म्हणून," बायको म्हणाली. पण ती खूश झाली होती. वायरमनला ते अंधारातही कळलं.

मग दुर्बीण मावशींकडे आली. वायरमनने त्यांना खुर्चीवर बसवलं, पाठीमागे उभं राहून त्यांची कोपरं हातांनी उचलून धरली आणि दुर्बीण गुरूकडे वळवली. "डावा डोळा मिटा," तो म्हणाला. "उजव्यानेच बघा. दिसतंय?"

"हलतंय सगळं."

"श्वास रोखा. सुईत दोरा ओवताना रोखता तसा."

मावशींनी श्वास रोखला. खालून कुठल्या तरी घरातली भांड्यांची खणखण येत होती.

"एक गोल आहे," मावशी हळूच म्हणाल्या. "बटणाएवढा. आणि त्याच्या बाजूला, अगं बाई, ठिपके आहेत. एका बाजूला तीन. दुसऱ्या बाजूला एक. एका रेषेत. कुणीतरी सरळ टाके घातल्यासारखे."

"ते त्याचे चंद्र," मेहुणी जवळ येऊन कुजबुजली. "मोठे चार. चारही दिसतायत तुम्हाला? तुमचा तो डोळा विकत द्या मला."

"थांब, अजून एक व्हायचाय. मग दोन्ही मिळून भाव सांगते," मावशी म्हणाल्या, दुर्बीण न सोडता.

पुढचा तासभर दुर्बीण हातोहात फिरली. ड्रायव्हरला तीनच चंद्र दिसले आणि चौथ्यासाठी तो दुर्बिणीला बोल लावत बसला. मेहुणीने शनी आणि शुक्र यांच्यामधलं अंतर बोटांनी दोनदा मोजलं, वहीत लिहिलं, आणि आता उद्या संध्याकाळी अख्खा वर्ग शाळेच्या पटांगणात उभा करते असं जाहीर केलं. बायको पडद्याच्या कापडात गुंडाळून घेऊन बसल्या जागी पेंगायला लागली. तिला पहाटे चारला उठायचं होतं.

"चला आता," मावशी म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय. खाली कॉफी करते. सगळ्यांनी प्यायची, नाही म्हणायचं नाही."

"मावशी, साखर जास्त," ड्रायव्हर म्हणाला.

"तुला बिनदुधाची मिळेल. चौथा चंद्र न दिसलेल्यांना तीच."

एकेक जण जिन्याकडे निघाला. वायरमनने अंथरूण झटकून घडी घातली, खुर्ची काखेत मारली. खाली गल्लीत अकरा दिवे जळत होते. सातवा जरा मंद वाटला. उद्या बघायला हवा, असं त्याने मनात टिपलं आणि बायकोचा हात धरून, ती झोपेत पायरी चुकू नये म्हणून पुढे होऊन, तो खाली उतरायला लागला.